गॅसवरून पूर्ण विजेवर येताना: आधी गिझर, मग शेगडी

तळजाई:
बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसतेच. आमचं धायरीतलं जुनं रो-हाऊस आता जवळजवळ पूर्ण विजेवर आलंय. बाथरूममधला गॅस गिझर गेला, रोजचा स्वयंपाक इंडक्शनवर होतो, गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसलं. एक सिलेंडर अजून ठेवलाय, तो का ते पुढे येईलच. हे सगळं करताना माहिती गोळा करायला फार त्रास झाला, जे मिळतं ते एकतर अमेरिकेतल्या घरांचं नाहीतर शेगडी विकणाऱ्यांनी लिहिलेलं, आणि आपल्याकडच्या भाकरीचं, महावितरणच्या स्लॅबचं, जुन्या वायरिंगचं कुणी काही सांगतच नाही. म्हणून हा धागा.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे की लोक शेगडीपासून सुरुवात करतात, तसं करू नका. आधी बाथरूममधला गॅस गिझर काढा. शेगडी वर्षभराने बदलली तरी चालेल, गिझर या महिन्यात बदला. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, माणसाला आधी नुसतं डोकं जड वाटतं, चक्कर येते, आणि दार उघडायचं त्राण उरत नाही. घरोघरी मी एक वाक्य ऐकलंय, "गॅस लीक झाला तर वास येईलच की". अहो तो वास न जळलेल्या गॅसला यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, जळून तयार झालेल्या मोनॉक्साईडला ना वास ना रंग. आमच्या गल्लीतली एक कॉलेजची मुलगी अशीच बाथरूममध्ये पडली होती, भावाने दार तोडलं म्हणून वाचली. थंडीत खिडकी लावून आंघोळ करणाऱ्या प्रत्येक घरात हे होऊ शकतं.

तर आमचा क्रम असा झाला, आधी वायरिंग तपासलं, मग गिझर, मग सोलर, मग इंडक्शन. विचारा काय विचारायचं ते, मला जमेल तसं सांगते.

घाटवाट:
छान धागा. गिझरचं पटलं, आमच्याकडे पण गॅसचाच आहे, बाथरूमला फक्त छोटी झडपेची खिडकी. पण बायको म्हणते इलेक्ट्रिक घेतला तर बिल दुप्पट होईल. खरंच होतं का?

तळजाई:
घाटवाट, हिशोब सांगते. 15 लिटरची टाकी 25 अंशावरून 60 अंशावर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं, त्यात थंड पाणी मिसळून एका माणसाची बादलीतली आंघोळ सहज होते. चार माणसं म्हणजे दिवसाला अडीच युनिट धरा, थोडं वाया जाईल ते धरून तीन. महिन्याला 90 युनिट. हे नगण्य नाहीये, मी खोटं सांगणार नाही. पण गिझर दिवसभर चालू ठेवायचा नाही, आंघोळीच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. गच्ची तुमची असेल तर सोलर वॉटर हीटर हा अजूनही सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पुण्यात पावसाळ्याचे दिवस सोडले तर वर्षभर पाणी तापतं. बोअरचं जड पाणी असेल तर मात्र नळ्यांमध्ये क्षार बसतात, ते दरवर्षी साफ करून घ्यावं लागतं.

फेजन्यूट्रल:
मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये आहे, थोडी भर घालतो. तळजाईंनी "आधी वायरिंग तपासलं" हे एका ओळीत सांगितलं पण तेच खरं काम आहे. नव्वदच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या बऱ्याच इमारतींत किचनला एकच सर्किट असतं, त्याच्यावर फ्रिज, मिक्सर, ट्यूब सगळं, आणि काही ठिकाणी तर ॲल्युमिनियमची वायर. इंडक्शन 2000 वॅटचं म्हणजे जवळपास 9 अँपिअर ओढतं आणि ते लोक 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून चालवतात, मग सॉकेट काळं पडतं, वास येतो आणि दोष शेगडीला देतात. मेन बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर ओढा, 2.5 स्क्वेअर एमएम किमान, मी स्वतः किचनला 4 चीच टाकतो कारण पुढेमागे दोन चुलींचं इंडक्शन किंवा ओव्हन येतोच, स्वतंत्र एमसीबी, आणि 16 अँपिअरचं चांगल्या कंपनीचं सॉकेट.

दुसरं, गिझर 2000, इंडक्शन 2000, एसी 1500, मायक्रोवेव्ह 1200. सकाळी सगळं एकदम चालू झालं तर 6700 वॅट म्हणजे 29 अँपिअर. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तो बघा, जुन्या कनेक्शनला 1 किंवा 2 किलोवॅट असतो. भार वाढवून घ्या, अर्ज ऑनलाईन होतो. थ्री फेजला पळायची सगळ्यांना गरज नसते, त्याचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त आहे. गिझर आणि शेगडी एकाच वेळी लावायची नाही एवढी शिस्त घरात असली तर बहुतेक टू बीएचके सिंगल फेजवर निभतात.

आणि तिसरं, अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच. इलेक्ट्रिक गिझर घेऊन अर्थिंग नसेल तर तुम्ही एक धोका काढून दुसरा आणला. हात जोडून सांगतो, हे पैसे वाचवू नका.

लिंबोणी:
स्वयंपाकाचं मी सांगते कारण तळजाईताई माझ्या शेजारच्याच भागातल्या आणि मी त्यांच्याही आधीपासून इंडक्शनवर आहे.

भांडी आधी. घरातला लोहचुंबक घ्या आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा, चिकटला तर चालेल. लोखंडी तवा, बिडाचा तवा, बिडाची कढई झकास चालतात. ॲल्युमिनियमची पातेली, पितळी, तांब्याची नाही चालत. कुकर इंडक्शन बुडाचा वेगळा मिळतो. गोल बुडाची कढई टेकतच नाही, सपाट बुडाची घ्यावी लागते. फोडणीची छोटी पळी ओळखतच नाही कारण बूड फार लहान, मी फोडणी आता एका छोट्या लोखंडी पॅनमध्ये करते, सवय होते.

पोळी उत्तम होते. भाकरीचं विचारतात सगळे. आचेवर टाकून फुगवायची पद्धत जमत नाही हे खरं, पण तवा नीट तापू द्यायचा, पाणी लावलेली बाजू कोरडी व्हायच्या आत उलटायची, आणि दुसरी बाजू झाली की परत उलटून फडक्याने कडेकडेने हलकं दाबत फिरवायचं, तव्यावरच टम्म फुगते. पीठ ताजं दळलेलं हवं आणि उकळत्या पाण्यात भिजवलेलं. माझ्या सासूबाई आधी नाराज होत्या, आता ज्वारीची त्यावरच करतात, बाजरीच्या भाकरीवर मात्र अजून त्यांचं समाधान नाही. पुरणपोळीला अडचण आहे. पोर्टेबल इंडक्शनची कॉइल मधे असते आणि कडा कच्च्या राहतात, मोठी पुरणपोळी असेल तर जाड बिडाचा तवा मंद वॅटवर दहा मिनिटं तापवून मगच पहिली टाकायची. घाई केली की मधे करपते.

दूध उतू जाणं जवळजवळ बंद झालं कारण टायमर. वरण-भात-भाजीला गॅसपेक्षा लवकर. पापड मायक्रोवेव्हमध्ये. वांगं भाजायला मात्र काहीच पर्याय मनासारखा नाही, ओव्हनमध्ये भाजून होतं पण तो धुरकट वास येत नाही.

मांडवी:
वांग्यासाठी इन्फ्रारेड शेगडी बघा ना, तिच्यावर कुठलंही भांडं चालतं, जाळी ठेवून फुलके पण होतात, वांगं पण. इंडक्शनपेक्षा वीज जास्त खाते आणि बंद केल्यावर काच बराच वेळ गरम राहते, लहान मुलं असतील तर जपून. आमच्याकडे पणजीला एक इंडक्शन एक इन्फ्रारेड असं आहे, माशाच्या कालवणाला मातीचं भांडं लागतं ते इन्फ्रारेडवर. गोव्यात विजेचा दर महाराष्ट्रापेक्षा खूपच कमी आहे त्यामुळे आम्हाला हिशोब करायची वेळच आली नाही.

घाटवाट:
हो मांडवी, पण आमचा दर गोव्याचा नाही ना. मूळ प्रश्न तोच आहे, सिलेंडर स्वस्त की वीज?

फेजन्यूट्रल:
स्पष्ट सांगतो, सोलर नसेल तर महाराष्ट्रात सिलेंडर स्वस्त आहे.

एका 14.2 किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण 180 युनिटइतकी ऊर्जा असते. शेगडीवर त्यातली 60 टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते, बाकी स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनवर 85 टक्के भांड्यात जाते. म्हणजे एक सिलेंडर बरोबर साधारण 125 ते 130 युनिट. चौघांच्या घरात सिलेंडर चाळीस-पंचेचाळीस दिवस जातो, म्हणजे दिवसाला तीन युनिट, महिन्याला 90.

आता स्लॅब. महावितरणचे घरगुती स्लॅब 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. 2025 मध्ये पहिल्या शंभराला वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) धरून युनिटला सहा रुपयांच्या आसपास, पुढच्या दोनशेला अकरा-बारा, वर 16 टक्के वीज शुल्क. लोक सरासरी काढतात तिथे हिशोब फसतो. तुमचे आधीचे पंखे-फ्रिज-टीव्ही पहिले शंभर खाऊनच बसलेले असतात, त्यामुळे इंडक्शनचं प्रत्येक युनिट वरच्या स्लॅबमध्ये जाऊन पडतं. 90 युनिट गुणिले तेरा-साडेतेरा, म्हणजे बाराशे रुपये. सिलेंडर 2025 मध्ये साडेआठशेच्या घरात होता, महिन्याचा खर्च सहाशे. दुप्पट झालं. एसीवाल्या घरात उन्हाळ्यात 300 च्या पुढे गेलात तर अजून वाईट. पीएनजी म्हणजे पाईपचा गॅस असेल तर तोही विजेपेक्षा स्वस्तच पडतो.

तळजाई:
फेजन्यूट्रल, अगदी बरोबर, आणि म्हणूनच मी शेगडी सोलरच्या नंतर ठेवली. ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांच्यासाठी लिहिते.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या सोलर अनुदान योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, असं 3 किलोवॅटला 78,000 अनुदान मिळतं, त्यापुढे कितीही मोठं लावा तेवढंच. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे असायला हवेत नाहीतर अनुदान नाही, विक्रेत्याकडून हे लेखी घ्या. 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे 3 किलोवॅटला महिन्याला 350 च्या आसपास, जून ते ऑगस्ट कमी, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर. नेट मीटरमुळे दिवसा जास्तीची गेलेली वीज खात्यात जमा राहते आणि रात्री किंवा पावसाळ्यात वापरता येते, हिशोब 31 मार्चला मिटतो. त्यामुळे ही सिस्टीम कधी बसवता यालाही महत्त्व आहे, दिवाळीच्या सुमारास बसली तर मार्चपर्यंत जमा झालेलं पावसाळ्याला उपयोगी पडत नाही.

आमचं गिझरचे 90, इंडक्शनचे 90 आणि घरचे दीडशे असं सगळं त्यात बसतं. स्थिर आकार येतोच, तो शून्य होत नाही.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत म्हणून मी सांगते. साधं ऑन-ग्रिड सोलर असेल तर लाईट गेली की सोलरही बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, बाहेर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून करंट जाऊ नये म्हणून. लाईट नसताना चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. आम्ही घेतली नाही. म्हणून तो एक सिलेंडर.

शेतातलं_घर:
ताई तुमचं सगळं चांगलं आहे पण आमच्याकडं शिरोळ तालुक्यात लाईटचा भरोसा नाही, वळवाचा पाऊस झाला की फांदी पडून तार तुटली की रात्रभर अंधार, आणि व्होल्टेज संध्याकाळी 180 च्या खाली जातं तेव्हा इंडक्शन एरर दाखवून बंद पडतं. आईला म्हणलं घे इंडक्शन, ती म्हणाली चूल गेली तेव्हा गॅस आला, आता गॅस पण जायचा का. आमच्याकडं गोबर गॅस आहे दोन म्हशींचा, त्यावर सकाळचा चहा आणि भात होतो. मला वाटतं खेड्यात हे बायोगॅसचं जास्त बरोबर आहे, शेण घरचंच, स्लरी उसाला.

तळजाई:
शेतातलं_घर दादा, तुमचं शंभर टक्के बरोबर. दोन म्हशी आणि जागा असेल तर बायोगॅस सोडून इंडक्शनच्या मागे लागायचं काहीच कारण नाही. ती खुली चूलही नाही आणि बाहेरून आणावा लागणारा सिलेंडरही नाही. व्होल्टेज कमी असेल तिथे इंडक्शनवर अवलंबून राहूच नये. फक्त बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्याचं तेवढं बघा.

ओंजळ:
एक वेगळा प्रश्न. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. मग पर्यावरणासाठी म्हणून हे करण्यात अर्थ आहे का? एक सिलेंडर जाळला की 42 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साईड निघतो. त्याऐवजी 125 युनिट ग्रिडची वीज वापरली तर युनिटमागे 0.7 किलो धरून 85-90 किलो होतो. म्हणजे दुप्पटच. हे कुणी बोलत नाही.

तळजाई:
ओंजळ, आकडे बरोबर आहेत, आणि मी कुणालाही "पर्यावरणासाठी सोलरशिवाय इंडक्शन घ्या" असं सांगत नाही. गच्चीवर स्वतःची वीज तयार होत असेल तर चित्र बदलतं, किंवा इंडक्शन दुपारी जास्त वापरलं तर, कारण दिवसा ग्रिडमध्येही सोलरचा वाटा असतो. 1 जुलै 2025 पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये युनिटमागे 80 पैशांपासून सवलतही सुरू झाली ती त्यासाठीच.

पण माझं कारण मुळात स्वयंपाकघरातली हवा हे होतं. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साईड निघतो, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याची वार्षिक मर्यादा 40 वरून 10 मायक्रोग्रॅमवर आणली. फ्लॅटमधली बंद स्वयंपाकघरं, चिमणी आहे पण आवाज नको म्हणून बंद, आणि तिथे आई दिवसातले चार तास उभी. माझ्या आईला दमा आहे. इंडक्शन आल्यापासून ती मे महिन्यातही स्वयंपाकघरात पंखा लावून पोळ्या करते, आधी ज्योत विझते म्हणून पंखा लावता यायचा नाही. मला हे बिलापेक्षा मोठं वाटतं. आणि आपल्या देशाला लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी आयात होतो, बहुतेक आखातातून, तिकडे युद्धाची बातमी आली की पोटात गोळा येतो.

दूरदेशी:
मी मेलबर्नला आहे. इकडे व्हिक्टोरिया राज्यात 1 जानेवारी 2024 पासून नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅस जोडणीच मिळत नाही, आणि 1 मार्च 2027 पासून जुन्या घरातला गॅसचा गरम पाण्याचा बंब बंद पडला तर त्या जागी इलेक्ट्रिकच बसवावा लागणार. आमच्याकडे खरा खर्च घर गरम ठेवण्याचा, जून-जुलैमध्ये गॅसच्या बिलाने जीव नकोसा व्हायचा. आम्ही डक्टेड गॅस हीटिंग बंद करून तीन खोल्यांना स्प्लिट एसी लावले, तेच हिवाळ्यात उलटे चालून गरम करतात. हीट पंप वीज जाळून उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून 1 युनिट विजेत 3-4 युनिट उष्णता मिळते. गरम पाण्यालाही तसाच हीट पंप, टायमर लावून दुपारी सोलरवर चालतो.

पण शेवटची गॅसची वस्तू जाईपर्यंत खरी बचत दिसत नाही, कारण गॅसचा रोजचा स्थिर आकार चालूच राहतो. फक्त शेगडी ठेवायची म्हणून आम्ही वर्षभर तो भरत होतो. तळजाई, तुमच्याकडे सिलेंडर असल्यामुळे हा प्रश्न नाही, ठेवलात तरी महिन्याचं भाडं नाही, हे फार सोयीचं आहे.

सागरतीर_उत्तर:
अमेरिकेतून, कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून लिहितेय. इकडे 2023 मध्ये हवा नियंत्रण मंडळाने नियम केला की 2027 पासून टप्प्याटप्प्याने नायट्रोजन ऑक्साईड सोडणारे नवे वॉटर हीटर विकता येणार नाहीत, 2029 पासून फर्नेस. आमचं घर 1960 च्या दशकातलं, मेन पॅनल 100 अँपिअर, जो तो कंत्राटदार म्हणाला 200 चं पॅनल घ्या. आम्ही घेतलं नाही, साध्या 120 व्होल्टच्या प्लगवर चालणारा हीट पंप वॉटर हीटर मिळतो तो घेतला आणि बाकीचं जुन्या पॅनलमध्ये बसवलं. भारतातही लोकांना हेच सांगेन, थ्री फेज लागेलच असं कुणी म्हटलं तर आधी स्वतः बेरीज करून बघा. फेडरल करसवलत होती 30 टक्के, हीट पंपाला 2000 डॉलरपर्यंत, ती 31 डिसेंबर 2025 ला संपली.

लिंबोणी:
दूरदेशी, भारतात हीट पंप गिझर घ्यावा का?

दूरदेशी:
पुण्यात चार माणसांच्या घराला गरज नाही असं मला वाटतं, एका घरासाठी लाखाच्या घरात जातो आणि तुमचं पाणी मुळात फार थंड नसतं. हॉस्टेल, हॉटेल, हॉस्पिटल, किंवा सोसायटीने सगळ्यांसाठी गच्चीवर एकत्र बसवला तर मात्र नक्की.

अंगणवेल:
माझ्या सासऱ्यांना पेसमेकर आहे. इंडक्शन चालेल का? दुकानदार म्हणाला काही होत नाही, पण मला भीती वाटते.

तळजाई:
अंगणवेल, दुकानदारावर विसंबू नका, त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना पेसमेकरचं मॉडेल दाखवून विचारा. सर्वसाधारण सल्ला असा असतो की चालू शेगडी आणि पेसमेकर यांच्यात 60 सेंटीमीटर म्हणजे दोन फूट अंतर हवं. सासरे स्वतः स्वयंपाक करत नसतील तर घरात शेगडी असल्याने अडचण येऊ नये. ते स्वतः उभे राहून चहा करत असतील तर त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक केटल किंवा इन्फ्रारेड ठेवा, डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत तरी.

घाटवाट:
आमचा फ्लॅट आहे, गच्ची सोसायटीची. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

फेजन्यूट्रल:
सूर्यघरमध्ये सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 अनुदान आहे, त्यातून लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे चालतात आणि मेंटेनन्स कमी होतो. पण त्याने तुमच्या फ्लॅटचं बिल कमी होत नाही. फ्लॅटवाल्यांनी गॅस गिझर काढावा आणि शेगडी गॅसचीच ठेवावी, सोबत एक पोर्टेबल इंडक्शन दूध-चहा-कुकरला. पैशाच्या दृष्टीने सध्या तेच बरं.

घाटवाट:
ठीक. गिझरचं या रविवारी करतोच. आमच्याकडे दोन सिलेंडर आहेत, गिझरवाला आता नको. परत करता येतो का?

तळजाई:
येतो. एजन्सीत जाऊन दुसरा सिलेंडर जमा करायचा आहे असं सांगा, मूळ कनेक्शनचा एसव्ही कागद (अनामत भरल्याची पावती) आणि ओळखपत्र न्या. त्या कागदावर जी अनामत लिहिली आहे तेवढी परत मिळते, आजच्या दराने नाही, त्यामुळे जुनं कनेक्शन असेल तर रक्कम छोटी असते. गिझरला वेगळा रेग्युलेटर होता तो पण द्या. आणि गिझर काढल्यावर बाथरूमकडे जाणारी जी पाईप किंवा नळी आहे ती नुसती वाकवून बांधून ठेवू नका, मेकॅनिककडून पूर्ण काढून घ्या आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते समोर उभं राहून बघा.